गाडीत कायम वजन किती?

ओढ्यातल्या दगडाला आमच्या जीपचं पोट घासलं, ‘खर्रर्र’ असा आवाज झाला आणि मागच्या सीटवरून माझी लेक ‘आई गं’ म्हणाली. एरवी ‘आई गं’ माणूस दिवसातून दहादा म्हणतो. चहा सांडला तरी म्हणतो, चष्मा सापडला तरी म्हणतो. पण सातवा महिना लागलेली लेक चालत्या गाडीत ‘आई गं’ म्हणाली की बापाला ते त्या दहांतलं वाटत नाही. मी ओढ्याच्या मधोमध ब्रेक दाबला आणि मागे वळून “काय झालं? कुठे दुखतंय? पाणी देऊ?” हे एका दमात विचारलं.

“बिस्कीट पडलं, बाबा,” लेक म्हणाली.

“अहो, गाडी पाण्यात उभी आहे,” बायको म्हणाली.

बिस्कीट पडलं होतं हे खरं. पण मला दिसलं ते वेगळंच. उद्या हीच लेक कळा देत मागे बसलेली असेल, हाच दगड इथेच असेल, आणि गाडी त्याच्यावर पोट टेकून बसलेली असेल. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं ते जाईना. जेवताना यायचं, दाढी करताना यायचं. एकदा तर आमटीत दिसलं.

आमची वसाहत ओढ्याच्या अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. मधला फरशीपूल कधीच उखडला, आणि त्याच्या जागी आता त्याचेच तुकडे पडलेत. अ‍ॅम्ब्युलन्स अलीकडे येत नाही. डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता आहे, पण त्या रस्त्याने निघालेलं बाळ पोचेपर्यंत शाळेत जाण्याच्या वयाचं होईल. जावई जहाजावर, भर समुद्रात. दवाखान्यात आधीपासून राहायची सोय होते का, हेही मी विचारून आलो होतो. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “आजोबा, तुम्हीच येऊन राहा हवं तर. पेशंट वेळेवर येऊ दे.” जाताना मात्र त्यांनी बजावलं, “शेवटी शेवटी धक्के टाळा. बाकी काही नाही.”

बाकी काही नाही! या बायांना शब्दांची किंमतच नसते.

लोक मला भित्रा म्हणतात. मी भित्रा नाही, सावध आहे, आणि हा फरक आमच्या घरात फक्त मला कळतो. कुलूप लावल्यावर मी परत जाऊन ते ओढून बघतो. मग ओढल्यामुळे ते सैल झालं नसेल ना, म्हणून पुन्हा बघतो. जीपही मी सावधपणापोटीच घेतली. मी दगडखाणीच्या वजनकाट्यावर कामाला आहे. खाणीचा रस्ता असा, की साध्या मोटारी तिथे पहिल्याच पावसाळ्यात देह ठेवतात. रिकामा ट्रक आला की मी त्याचं वजन घेतो. भरून निघाला की पुन्हा घेतो, मोठ्यातून लहान वजा करतो आणि पावतीवर सही करतो. म्हणून सगळी वसाहत मला काटेसाहेब म्हणते. वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवलेलं नाही. ते काम शेवटी मी स्वतःच केलं.

तर गाडी उंच करायची, असं मी ठरवलं. गाडीच्या खालच्या स्प्रिंगा, पाटे आणि शॉकॲब बदलून ती वर उचलायचं सामान मिळतं, त्याला लिफ्ट किट म्हणतात. खाणीवरच्या ड्रायव्हरांकडून मी ते नुसतं ऐकून होतो. ऐकीव गोष्ट घरात बोलू नये, शेजारी तर मुळीच बोलू नये. मी दोन्हीकडे बोललो.

आमच्या डाव्या बाजूला कर्नल राहतात. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. सैन्याला बूट पुरवणाऱ्या कारखान्यात ते हिशेब बघायचे, पण जन्मभर बूट पाहून त्यांची चाल तशी झाली होती. “सहा इंच!” ते कुंपणावरूनच गरजले. “काटेसाहेब, उंचीवर असतो तो जिंकतो. सहाच्या खाली बोलू नका.”

“कोणाशी लढायचंय?” मी विचारलं.

“ते नंतर कळतं,” कर्नल म्हणाले.

उजवीकडे शिवणवाल्या काकू. अंगाने भरभक्कम, तोंडाने त्याहून. गळ्यातली टेप काढून त्यांनी माझ्या जीपची मापं घेतली. कंबर, उंची, चाकाच्या कमानीचा घेर, सगळं. “दोन इंच,” त्या म्हणाल्या. “त्याच्या वर गेलात की वळणावर कलंडते. माझ्या मावसभावाची कलंडली. माणसं वाचली, पण भाऊ अजून डावीकडे झुकून चालतो. अहो, मी साधी बाहीसुद्धा दोन इंचांच्या वर वाढवत नाही. बसत नाही मग.”

आतापर्यंत मला एकच भीती होती, आता दोन झाल्या. गाडी खाली ठेवावी तर पोट घासतं, वर न्यावी तर कलंडते. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे माझी लेक बिस्कीट खात बसलेली. मग मी मोबाइलवर वाचायला लागलो आणि तेवढी चूक करायला नको होती. एक इंच वाढवला की त्याचे चार नातेवाईक मुक्कामाला येतात, असं तिथे कळलं. चार इंच घेतले तर खालचा शाफ्ट तिरका होतो. शाफ्ट सरळ करावा तर ब्रेकची नळी ताणते. नळी लांब घ्यावी तर चाकं लहान दिसतात आणि मोठी चाकं घातली की वेगाचा काटा खोटं बोलतो. जगात कुणीतरी कुठेतरी नळी ताणल्यामुळे दरीत गेलेला असतो आणि मरायच्या आधी तो ते सविस्तर लिहून ठेवतो. मी सगळं वाचलं. बायकोने शेवटी फोन काढून घेतला.

“अहो, बाळंत ती होणार आहे,” ती म्हणाली. “कळा तुम्हाला का येताहेत?”

हे बोलणं मला लागलं, पण मी सोडून दिलं. बापाच्या मनातलं सांगण्याची सोय भाषेत फारशी नाही.

पलीकडच्या गावात एक पाटेवाला आहे. कळकट दुकान, भिंतीवर टांगलेल्या स्प्रिंगा आणि त्यांच्याखाली बसलेला एक आंबट चेहऱ्याचा गृहस्थ. त्याने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, “रोज चालवता?”

“रोज.”

“मग दोन इंच. रोजच्या गाडीला जास्त उंची म्हणजे रोजचं दुखणं.”

मला एवढं हायसं वाटलं की मी खुर्चीवर बसलो. तेव्हाच उठून आलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

“स्प्रिंगा तीन तऱ्हेच्या येतात,” पाटेवाला म्हणाला. “हलक्या, मध्यम आणि जड. गाडीत कायम वजन किती असतं, त्याच्यावर आहे. किती असतं?”

ज्याने जन्मभर वजनच केलं, त्याला हा प्रश्न! खरं उत्तर सोपं होतं. मी आणि माझा डबा. पण मी तोंड उघडलं आणि भीती बोलायला लागली. मी, बायको, लेक. लेकीची बॅग. ती विसरली तर दुसरी बॅग. पाण्याचे कॅन, दोरखंड, फावडं, चिखलात घालायच्या फळ्या, एक जॅक, तो अडकला तर दुसरा जॅक. डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या तर त्या. त्यांची नर्स. शिवाय ओढ्यात कुणी अडकलेलं दिसलं, तर माणुसकी म्हणून त्यालाही घ्यावं लागेल, त्याच्या सामानासकट.

पाटेवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. “हे सगळं रोज असतं गाडीत?”

“प्रसंग काही सांगून येत नाही.”

“मी प्रसंगाचं नाही विचारत. कायमचं विचारतोय.”

“कायम!” मी ठणकावून सांगितलं आणि मनातल्या मनात बेरीज करून अर्धा टन हा आकडाही दिला. काट्यावरच्या माणसाने आकडा दिला की कोणी वाद घालत नाही.

“मग जड,” तो म्हणाला. “पस्तावाल हां.”

“नंतर पस्तावण्यापेक्षा आधी पस्तावलेलं बरं,” मी म्हणालो. या वाक्याला काही अर्थ नाही हे मला घरी आल्यावर कळलं.

किट बसलं. गाडी दुकानातून बाहेर आली तेव्हा शिंक अडकलेल्या बैलासारखी दिसत होती. शेपूट वर, तोंड खाली, अंग ताठ. दोन इंचांचं किट होतं, पण स्प्रिंगा अर्ध्या टनाच्या बेताच्या आणि गाडीत मी आणि माझा डबा. त्यामुळे ती हवी त्याच्या दुप्पट वर उचलली गेली होती. मी पहिला गियर टाकला आणि दुकानाच्या दारातल्या नटबोल्टावरून चाक गेलं. टाळूपर्यंत कळ गेली. रस्त्यात काडेपेटीची काडी पडली असती, तर ती कोरी आहे की जळलेली हे मला मणक्यांतून कळलं असतं. घरी पोचेपर्यंत डब्यातली भाजी आणि आमटी एक झाली होती.

फाटकात सगळे उभे होते. कर्नलांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. काकूंनी टेप काढली आणि ती पुरेना. लेक गाडीजवळ आली, पायरीकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, ह्याच्यात मी चढायचं?”

“स्टूल आहे ना,” मी म्हणालो. बायकोने आणि काकूंनी धरून तिला वर चढवलं. मी अंगणातच गाडी हातभर पुढे घेतली. वाटेत बागेचा पाण्याचा पाइप आडवा होता. लेकीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले आणि या वेळी बिस्कीट वगैरे काही नव्हतं.

मी इंजिन बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी धक्के टाळायला सांगितलं होतं, आणि मी भरपूर खर्च करून धक्के देणारं यंत्र विकत आणलं होतं. बायकोने स्टूल परत लावून लेकीला उतरवून घेतलं. ती बोलण्याऐवजी कामाला लागते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी पाटेवाल्याकडे गेलो. मध्यम स्प्रिंगा मागवाव्या लागतात, म्हणाला, आणि यायला किती दिवस लागतील ते त्यालाच ठाऊक नव्हतं. “तोवर वजन टाका. वजन टाकलं की गाय होईल.”

“किती टाकू?”

“तुम्ही सांगितलं होतं तेवढं.” आंबट चेहऱ्याचा माणूस हसतो तेव्हा फार वाईट दिसतो.

दगडखाणीत वजनाला काय तोटा? मी खडीची पोती भरून घेतली आणि गाडी खरोखर गाय झाली. चाल मऊ, पोट दगडापासून वर. मी ओढा एकट्याने तीनदा पार केला आणि तिन्ही वेळा मला रडू येईल असं वाटलं. संध्याकाळी खाणीच्या फाटकावर पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

“साहेब, माल बाहेर जातोय. पावती?”

पावतीवर सही मीच करतो. पण स्वतःच्या मालावर स्वतः सही करायची नाही हा नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला आहे. मी पोती उतरवली आणि धक्के खात घरी गेलो. दुसऱ्या दिवशी अक्कल चालवून बाहेरून विकतची खडी घेतली आणि ती घेऊन कामावर आलो. पहारेकऱ्याने पुन्हा काठी धरली.

“साहेब, इतकी वर्षं नोकरी केली. खाणीतून दगड नेणारे पुष्कळ पाहिले. खाणीत दगड आणणारा माणूस पहिल्यांदा बघतोय.” त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. तेच जास्त झोंबलं.

शेवटी खाणीच्या मोठ्या साहेबांनी आपल्या सहीने एक पत्र दिलं. ‘सदर जीपमधील खडी ही खडी नसून गाडीचा भाग समजण्यात यावी.’ पत्र मला फारच आवडलं. मी ते घडी न घालता फायलीत ठेवलं.

मग परिवहन कार्यालय. गाडीची उंची बदलली की तपासणी करून घ्यावी लागते, असं कर्नलांनी सांगितलं, आणि दुर्दैवाने ते खरं निघालं. तिथल्या तपासनिसाने पट्टी लावली. उंची नियमात बसत होती. मी हात जोडण्याच्या बेतात होतो, एवढ्यात तो म्हणाला, “गाडी रिकामी करा. तपासणी रिकाम्या गाडीची असते.”

मी पोती त्यांच्या अंगणात उतरवली. गाडीने हळूहळू अंग वर घेतलं. तपासनिसाची पट्टी संपली, पण गाडी संपेना.

“नियमाबाहेर,” तो म्हणाला. “आणि सरकारी आवारात खडी टाकायला परवानगी आहे का?”

मी पोती पुन्हा भरली. गाडी खाली बसली. त्याने पुन्हा मोजलं, डोकं खाजवलं आणि बराच वेळ लिहीत बसला. तो शेरा मला तोंडपाठ आहे. वाहन भरलेले असता नियमात, रिकामे असता नियमबाह्य. त्याखाली आणखी एक ओळ होती. खडीसहित वाहनाची वजनमर्यादा पूर्ण होत असल्याने प्रवासी बसवू नयेत. मोठ्या साहेबांचं पत्र त्याने फायलीला लावून ठेवून घेतलं. ‘आधार म्हणून,’ म्हणाला.

म्हणजे ज्या लेकीसाठी गाडी उंच केली, तिला सोडून बाकी सगळं त्या गाडीतून नेता येत होतं.

पण मी वजनातला माणूस. मी तोड काढली. वेळ आली की जेवढी माणसं चढतील, तेवढ्या वजनाची पोती उतरवायची. वजाबाकीच तर आहे! त्यासाठी बायकोला तिचं वजन विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं धाडस मी केलं नव्हतं. तिने सांगितलेला आकडा मी मान खाली घालून लिहून घेतला, आणि मनात त्यात एक पोतं मिळवलं. लेकीचं मात्र कळेना. तिचं वजन दर आठवड्याला वाढत होतं आणि मी दर आठवड्याला हिशेब नव्याने मांडत होतो. ती एकदा कुशीवर वळून पडली होती. पाय सुजलेले, चेहरा फिकट. मी दारात उभा होतो. ही लहानपणी तापाने फणफणली होती तेव्हा मी असाच दारात उभा होतो. काही करता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही. त्यापेक्षा गाडीखाली जाऊन नट आवळलेले बरे, म्हणून मी गाडीखाली गेलो.

फोन आला तो सकाळीच, मी काट्यावर असताना. पत्र गेल्यापासून मी पोती घरी ठेवूनच कामावर यायचो, पण दिवस भरत आले म्हणून त्या दिवशी ती नेमकी गाडीत होती.

“अहो, सुरू झालं,” बायको म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. मी ‘कोण बोलतंय?’ असं विचारलं.

काट्यावर एक ट्रक तसाच उभा होता. मी गाडीत बसलो आणि फाटकाशी आलो. काठी आडवी.

“साहेब, पत्र?”

“परिवहन कार्यालयात आहे.”

“मग पोती इथे राहतील. नियम आहे साहेब, तुम्हीच लिहिलाय.”

एरवी मी वाद घातला असता. कलम सांगितलं असतं. त्या दिवशी मी मागचं दार उघडलं आणि पोती फेकायला लागलो. पहारेकऱ्याने माझा चेहरा पाहिला, काठी भिंतीला टेकवली आणि तोही फेकायला लागला. पोती किती उतरवायची, कुणाच्या वजनाची कुठली, तो सगळा हिशेब धुळीत पडला. गाडीत एकही पोतं उरलं नाही. “जा आता, साहेब,” तो म्हणाला. मी निघालो. रस्ताभर डोकं टपाला आपटत होतं आणि मी मोठमोठ्याने ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो कोण जाणे.

लेक अंगणात फाटक धरून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. आम्ही दोघांनी तिला स्टुलावरून वर चढवलं, मधल्या सीटवर बायकोला टेकून बसवलं. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. मी त्याच्यावरून मुंगीच्या चालीने गाडी घातली. मागचं चाक उतरलं आणि लेक ओरडली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“बाबा, नाही,” ती म्हणाली. “मला नाही जमणार असं.”

मी गाडी थांबवली. इतके दिवस मी दगडाला घाबरलो, कलंडण्याला घाबरलो, नळीला, शाफ्टला, तपासनिसाला घाबरलो. त्या सगळ्या भीती म्हणजे खेळ होता. खरी भीती आता आली. लेकीला काही झालं तर, एवढंच होतं त्या भीतीत. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मला पुढेही जाता येत नव्हतं, मागेही येता येत नव्हतं.

“थांबलात का?” शिवणवाल्या काकू गॅलरीतून ओरडल्या.

“गाडी उसळतेय,” बायकोने वर पाहून सांगितलं. “वजन नाहीये गाडीत.”

“वजन हवंय? मग आम्ही काय मेलोय का?”

काकू जिना उतरल्या तेव्हा तो वाजत होता. त्यांच्यामागे त्यांचे यजमान, हातात अर्धी खाल्लेली पोळी. कर्नल कुंपणावरून आले, फाटक असतानाही. कोपऱ्यावर मिशीवाला जारवाला पाण्याचे जार उतरवत होता. काकूंनी त्याला दंडाला धरलं. “दादा, तुम्हीही चला. जार घेऊनच चढा.” तो का, कुठे, काही न विचारता चढला. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि गाडीने एक लांब उसासा टाकून अंग खाली सोडलं.

मी बेरीज केली. नाइलाज होता, डोकं तसंच चालतं. अर्धा टन, थोडं इकडे तिकडे.

गाडी निघाली आणि गाय झाली. खड्डे येत होते, पण नुसते खालून सांगून जात होते. कर्नल ‘डावीकडे खड्डा! उजवीकडे दगड!’ असे हुकूम सोडत होते आणि काकू त्यांना ‘गप बसा, तिला त्रास होतोय’ म्हणत होत्या. ओढा आला. मी पाण्यात चाक घातलं आणि श्वास धरला.

“बाबा,” मागून लेक हळूच म्हणाली. कळ ओसरली होती बहुतेक. “मला या ओढ्याची भीती कधीच नव्हती.”

“मग?”

“पुढची आहे. तिथलं दार लावतील. आत मी एकटीच असणार ना?”

पाणी चाकांना लागून वाजत होतं. मला माहीत होतं हे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दाराला कुठलंच किट मिळत नाही, म्हणून तर मी इंच मोजत बसलो होतो. डोळे भरून आले आणि ओढ्यातले दगड दिसेनासे झाले.

“मी बाहेर असेन,” मी कसंबसं म्हणालो. “दाराला लागून.”

“रडू नका, पुढे बघा,” ती म्हणाली. आणि मग पुन्हा तिला बोलता येईना.

दगड पोटाखालून निघून गेला. कधी गेला ते मला कळलंच नाही.

दवाखान्याच्या दारात आम्ही सगळे उतरलो. लेकीला चाकाच्या खुर्चीवर आत नेलं आणि आम्ही सगळे मागोमाग निघालो. जारवाल्याच्या दोन्ही हातांत जार होते.

“पेशंटबरोबर दोघांनीच थांबायचं,” दारावरची बाई म्हणाली. “नातेवाईक कोण?”

“आम्ही दोघं,” बायको म्हणाली.

“आणि हे बाकीचे?”

“ते वजन,” बायको म्हणाली.

दारावरची बाई एवढी गोंधळली की तिने सगळ्यांना सोडलं. दार लागलं. मी दाराला लागून उभा राहिलो. बसा म्हणाले, बसलो नाही. आतून आवाज यायचे, मग यायचे नाहीत. येत नसत तेव्हा जास्त वाईट. कर्नल एरवी गप्प बसत नाहीत, ते त्या दिवशी बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. काकूंनी माझ्या बायकोचा हात धरला होता आणि गळ्यातली टेप दुसऱ्या हाताने गुंडाळत आणि सोडत होत्या. जारवाल्याने एका जारचं सील फोडून सगळ्यांना पाणी दिलं आणि दारावरच्या बाईलाही दिलं. आत लेक एकदा जोरात ओरडली. मी दाराच्या कडीला हात घातला, तसं काकूंच्या यजमानांनी मला मागून धरलं. ते कधी कुणाशी बोलत नाहीत. तेव्हाही नुसते धरून उभे राहिले.

मग एक वेगळाच आवाज आला. बारीक, चिडका, नव्या माणसाचा.

नर्स बाहेर आली. “मुलगी आहे. दोघी छान आहेत. आजोबा कोण?”

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, जारवाल्यानेसुद्धा. बायको डोळे पुसत होती, काकू मोठ्याने रडत होत्या. मला एकच प्रश्न विचारता येतो, तो मी विचारला.

“वजन किती?”

“पावणेतीन किलो.”

आमच्या काट्यावर वीस किलोच्या आतलं काही दिसतच नाही. हिला ठेवलं असतं तर आकडा हलला नसता. वर्षानुवर्षं मी डोंगर मोजून पाठवले आणि असं काही माझ्या मोजण्यात कधी आलंच नव्हतं.

थोड्या वेळाने आम्हाला आत सोडलं. लेक पांढरी पडली होती, केस कपाळाला चिकटलेले. नर्सने बाळाचं गाठोडं माझ्यापुढे धरलं. मी एक पाऊल मागे सरकलो.

“नको,” मी म्हणालो. “बाळाच्या आईकडेच द्या. माझ्या हातून पडेल. मला भीती वाटते.”

“मला पण वाटतेय, बाबा,” लेक उशीवरून म्हणाली. “माझे हातच थरथरताहेत. मला उचलताच येत नाहीये तिला. तुम्ही धरा जरा.”

तिने मागितलं, म्हणून मी हात पुढे केले. बाळ हातात आलं आणि माझे खांदे, पाठ, गुडघे सगळं गाडीसारखं एकदम खाली बसलं. बायको खुर्ची घेऊन आली. मी बसलो नाही, न जाणो बसताना धक्का लागायचा.

“श्वास घ्या हो,” बायको म्हणाली.

लेक झोपेपर्यंत मी तसाच उभा होतो. ती झोपल्यावरही उभा होतो.